गुठळी निघाली, मग हात का हलत नाही?

मागच्या अंकात पक्षाघाताच्या एका उपचाराबद्दल लिहिलं होतं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी ओढून बाहेर काढायची. डॉक्टर त्याला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. त्यावर जी पत्रं आली, त्यातल्या बहुतेक घरांत हा उपचार होऊन गेलेला आहे आणि सगळ्यांना पुढचं विचारायचं आहे. गुठळी काढल्यावर पुढचे महिने कसे जातात, कुणाला किती फरक पडतो आणि का, हे घरच्यांना बसवून सांगायला ओपीडीत वेळ मिळत नाही. बाहेर चाळीस पेशंट थांबलेले असतात. माझ्याकडूनही हे कितीदा राहून गेलं आहे, म्हणून हा महिना याच पत्रांसाठी. पत्रं थोडक्यात देते आहे, नावं वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे, वाळवा तालुक्यात आमची शेती. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी गोठ्यात धार काढताना कोसळले, डावी बाजू गेली. जवळच्या गावात सीटी आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झालं, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पडल्यापासून सात तासांनी गुठळी निघाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘नस पूर्ण उघडली.’ आज आधार दिला तर चालतात, पण डावा हात लोळागोळा आहे. भावकीतले एकजण याच उपचारानंतर पाचव्या दिवशी चालत घरी आले. आमचं कुठे चुकलं? वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

उत्तर : दादा, तुमच्याच रानातलं उदाहरण देते. मे महिन्यात टोमॅटोच्या प्लॉटमध्ये ठिबकची नळी चोंदली, तर सगळी झाडं एकदम मरत नाहीत. काही लगेच वाळतात, बाकीची सुकतात, माना टाकतात. नळी मोकळी केली की सुकलेली झाडं दुसऱ्या दिवशी उभी राहतात. वाळलेली राहत नाहीत, त्यांच्या बुडाशी कितीही पाणी सोडा. डॉक्टर बाहेर येऊन जे बोलले ते नळीबद्दल बोलले, आणि ते खरंच होतं. वडिलांचा हात हलणार की नाही, हे मात्र नळी मोकळी होईपर्यंत किती वाळून गेलं होतं यावर ठरतं.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूतल्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. पण ही सरासरी झाली. माणसामाणसात फार फरक असतो, कारण बंद पडलेल्या भागाला शेजारच्या रक्तवाहिन्यांतून थोडंफार रक्त मिळत राहतं. शेजारच्या सरीची ओल झिरपावी तसं. या आडवाटा काही जणांना जन्मतःच भरपूर असतात, काहींना कमी. वय, रक्तदाब आणि वर्षानुवर्षांची शुगर त्या आणखी कमी करतात. म्हणून एकाचा मेंदू सात तास तग धरतो आणि दुसऱ्याचा दोन तासांत वाळून जातो. यात तुमचा किंवा वडिलांचा काही दोष नाही.

आता हाताचं. मेंदूच्या आत खोलवर एक अरुंद जागा आहे. हातापायाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा तिथून एका जुडीत जातात. तिथे रक्त नेणाऱ्या फांद्या केसासारख्या बारीक असतात आणि त्यांना आडवाटा जवळपास नसतातच. मुख्य वाहिनीच्या तोंडाशी गुठळी बसली, तर वरचा मेंदू आडवाटांवर तगतो आणि ही आतली जागा आधी जाते. सीटीवर बाहेरून फारसं काही दिसत नाही, पण हात उठत नाही. चालण्यासाठी मेंदूला इतर वाटा सापडतात. बोटांच्या बारीक हालचालींना तशी दुसरी सोय नाही. तुमच्या वडिलांचं असं झालं असावं, हा माझा अंदाज आहे. एमआरआय न बघता मी त्यापुढे जाणार नाही.

भावकीतल्या गृहस्थांशी तुलना करू नका. त्यांची गुठळी पुढच्या लहान फांदीत असेल, पहिल्याच ओढीत निघाली असेल, आडवाटा चांगल्या असतील, शुगर नसेल. पहिल्याच प्रयत्नात पूर्ण गुठळी निघाली तर पेशंट जास्त चांगला सुधारतो, चार-पाच वेळा ओढावी लागली तर कमी. नस किती उघडली याचीही प्रतवारी असते. निम्म्याहून जास्त भागात रक्त पोचलं तरी आम्ही ‘यशस्वी’ लिहितो आणि पूर्ण पोचलं तरी ‘यशस्वी’च लिहितो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना एकच शब्द ऐकू येतो.

आकडेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. २०१५ साली या उपचाराच्या पाच मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पाचही मिळून १,२८७ पेशंट. गुठळी काढलेल्यांपैकी शंभरात ४६ जण तीन महिन्यांनी स्वतःचं सगळं स्वतः करू शकत होते. गुठळी न काढलेल्यांत शंभरात २६-२७. एवढा फरक पाडणारे उपचार आमच्या शाखेत फार थोडे आहेत, मी हे मनापासून सांगते. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा : गुठळी काढलेल्यांतही निम्म्याहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी कुणाची ना कुणाची मदत लागत होती. तुमचे वडील अपवाद नाहीत.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. गुठळी नेमकी कुठल्या वाहिनीत होती, पहिल्या सीटीला दहापैकी किती गुण होते (जास्त गुण म्हणजे कमी नुकसान), नस कितपत उघडली, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा सूज होती का. दाखल करताना शुगर किती होती तेही बघा. ती खूप चढलेली असेल तर नस उघडल्यावरही नुकसान वाढतं. या उत्तरांनी हात बरा होणार नाही, पण ‘आमचं कुठे चुकलं’ हे डोक्यातून जाईल.

हाताला पुढे किती येईल, याचा अंदाज आम्ही बोटांवरून बांधतो. एका डच अभ्यासात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांना बोटं थोडी तरी सरळ करता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, त्यांच्यापैकी शंभरात ९८ जणांना सहा महिन्यांनी हाताचा काही ना काही उपयोग करता आला. ज्यांना यातलं काहीच जमलं नाही, त्यांच्यात शंभरात २५. म्हणजे चौघांतल्या एकाचा हात तरीही सुधारला. दीड महिन्यावर दार बंद झालेलं नाही. सर्वात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर ती हळू होते, पण थांबत नाही.

आणि कृपा करून त्या हाताला धरून ओढू नका. उठवताना घरातली माणसं नेमकी तोच हात धरतात, कारण तो तक्रार करत नाही. लुळा खांदा सांध्यातून खाली सरकतो, मग दुखायला लागतो, आणि दुखणारा हात पेशंट व्यायामाला देत नाही. उठवायचं तर कमरेला, धोतराच्या किंवा पायजम्याच्या वर रुंद पट्टा बांधून उठवा. बसलेले असताना हात मांडीवर लोंबू देऊ नका, उशीवर ठेवा. मालिश करून वडिलांना बरं वाटत असेल तर करा, पण मालिश हा व्यायाम नव्हे. हात मेंदूच्या हुकमानं हलायला हवा, दुसऱ्यानं हलवलेला हात मेंदू मोजत नाही. चारा उचलता येणार नाही. पण वाटीतले शेंगदाणे डाव्या हातानं एका वाटीतून दुसरीत, दिवसातून पाच-सहा वेळा, उजव्या हाताचा आधार घेऊन का होईना, हे करून घ्या.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय ६७. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले. चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, दोन तासांत गुठळी निघाली. डॉक्टरांनी ‘उत्तम रिझल्ट’ म्हणून सांगितलं आणि हातपाय खरंच छान आहेत. पण माणूस बदलला. जेवण अळणी म्हणतात. पूर्वी चटणी-लोणच्याशिवाय घास उतरत नसे, आता शिवत नाहीत. एकच चप्पल घालून निघतात. मी हाक मारली तर कधी कधी उत्तरच देत नाहीत. मुलगा म्हणतो बाबा मुद्दाम करतात. रोज भांडणं होतात.

उत्तर : वहिनी, तुमच्या पत्रातलं चटणीचं वाक्य वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. त्या एका वाक्यात निदान आहे.

आपलं ताट डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, लिंबाची फोड, आणि मीठही त्याच बाजूला. ते डावी बाजूच सोडून देतात. डोळ्यांना ती दिसते, पण उजव्या मेंदूला मार बसल्यामुळे डावीकडचं जग त्यांच्या लक्षात येत नाही. डाव्या पायातली चप्पल राहते. तुम्ही डावीकडून हाक मारली तर उत्तर येत नाही. जेवण अळणी लागतं, कारण मीठ ताटात आहे हे त्यांना माहीतच नाही. आणि आपल्याला काही होतंय हेही त्यांना जाणवत नाही, तोही याच आजाराचा भाग आहे. म्हणून ते भांडतात. त्यांच्या बाजूनं ते खरंच बोलत असतात.

माझ्या एका पेशंटच्या घरी मी गेले होते. सुनेनं जेवायला वाढलं, त्यांनी उजवीकडची भाजी-आमटी संपवली आणि अर्धी पोळी ताटात ठेवून हात धुवायला उठले. मी ताट अर्धं फिरवलं आणि त्यांना परत बसवलं. त्यांनी चटणीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणी वाढली. मग सगळं संपवलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती. चार महिने ती स्वतःच्या स्वयंपाकाला दोष देत होती.

तुमच्या डॉक्टरांनी ‘उत्तम’ म्हटलं, त्यांचंही चुकलं नाही. आम्ही ज्या मापानं मोजतो ते माप जॉन रँकिन या ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९५७ साली केलं, त्यात पुढे थोडे बदल झाले. शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे मृत्यू. चालतो का, स्वतःचं आवरतो का, मदत लागते का, एवढं ते बघतं. वर मी जे ४६ टक्के सांगितले, ते याच मापावरचे. चटणी त्या मापात नाही. म्हणून घरी काय दिसतं ते तुम्ही सांगायला हवं, अगदी चपलेसकट.

उपाय घरात करता येतात. ताटाच्या आणि टेबलाच्या डाव्या कडेला लाल रंगाची चिकटपट्टी लावा आणि त्यांना सांगा, लाल दिसेपर्यंत मान फिरवायची, मग जेवायला सुरुवात. वर्तमानपत्र वाचताना ओळीच्या सुरुवातीला लाल पट्टी. गप्पा मारायला त्यांच्या डावीकडे बसा, हाताला हात लावून बोला. घाईच्या किंवा धोक्याच्या वेळी मात्र उजवीकडून बोला. गाडी चालवू देऊ नका, रस्ता एकट्यानं ओलांडू देऊ नका, गॅसजवळ लक्ष ठेवा. बऱ्याच जणांचं हे पहिल्या काही महिन्यांत कमी होतं. रोजची कामं पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळ असतील तर नक्की दाखवा.

मुलाला माझं हे उत्तर वाचायला द्या. आणि आणखी एक बघा : ते उदास आहेत का, झोप गेली आहे का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी टाळतात का. पक्षाघातानंतर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. नस उत्तम उघडली तरी येतं. ते औषधानं सुधारतं, आणि ते सुधारल्याशिवाय व्यायामात जीव ओतला जात नाही.

प्रश्न : जाळीनं गुठळी काढली असं सांगितलं. ती जाळी मेंदूतच आहे का? पुढे एमआरआय करता येईल का? (नाशिक)

उत्तर : नाही, आत काही राहिलेलं नाही. ती जाळी गुठळीत उघडतात, गुठळी तिच्यात अडकते आणि दोन्ही एकत्र बाहेर येतात. मात्र काहींच्या मानेतली किंवा मेंदूतली नस अरुंद असते, तेव्हा त्याच वेळी नस उघडी ठेवणारी वेगळी जाळी, म्हणजे स्टेंट, कायमची बसवतात. तसं असेल तर कार्डावर लिहिलेलं असतं आणि रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू असतात. त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका, अगदी दात काढायचा असला तरी. स्टेंट असला तरी एमआरआय बहुधा करता येतो, फक्त कार्ड आधी दाखवा.

प्रश्न : माझा भाऊ ३८ वर्षांचा, कुडाळजवळ राहतो. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, पुढे हृदयाची झडप आकसली. फेब्रुवारीत पक्षाघात झाला, गुठळी काढली आणि तो पूर्ण बरा झाला. आता म्हणतो, बरा झालो, गोळ्या कशाला? गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, त्याचं पथ्य म्हणून ‘इंग्रजी’ गोळ्या बंद करायला सांगितलंय. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. मित्राचे वडील एक नवी गोळी घेतात, तिला दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही. तीच द्या म्हणतो.

उत्तर : ताई, हे उत्तर भावाला मोठ्यानं वाचून दाखवा.

तुझी गुठळी डोक्यात तयार झाली नव्हती. ती हृदयात तयार झाली. झडप आकसली की हृदयाचा वरचा कप्पा फुगतो, ठोके अनियमित पडायला लागतात, रक्त साचतं आणि दही लागावं तशी गुठळी धरते. ती सुटून वर गेली. डॉक्टरांनी वर गेलेली काढली. कप्पा तसाच आहे, झडप तशीच आहे. गोळ्या बंद केल्यास तर दुसरी गुठळी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि दर वेळी वेळेत पोचशीलच असं नाही.

कबुतराचं रक्त चोळून काही होत नाही, एक पाखरू जातं. झाडपाल्याच्या औषधाबद्दल मला जास्त राग आहे तो पथ्याचा. ज्यांचा लकवा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप सुधारणारच होता, तेही त्या औषधाचं नाव काढतात, आणि गोळ्या सोडल्यामुळे ज्यांना दुसरा झटका येतो ते माझ्या वॉर्डात येतात. त्यांची गोष्ट गावात परत जात नाही.

नव्या गोळीबद्दल. ज्यांच्या झडपा चांगल्या आहेत त्यांना ती चालते, मित्राच्या वडिलांना म्हणूनच दिली असेल. तुझ्यासारख्या, संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेल्या लोकांवर वेगळी चाचणी झाली, २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले. म्हणून तुला जुनीच, आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणीही. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नकोस. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नकोस. झडपेचं काय करायचं आणि तो लहानपणचा ताप परत येऊ नये म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं अजून हवीत का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचार. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेट, झडपेवरच्या उपचारांबद्दल तिथे माहिती मिळेल.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, पुण्यात एकटी राहते, मी न्यू जर्सीत. रात्री साडेनऊला तिच्याशी फोनवर बोलले. सकाळी साडेसातला कामाच्या मावशींना ती पलंगाखाली सापडली. अकराला गुठळी काढली. आज बारावा दिवस. नाकातून नळी आहे, न्यूमोनिया होऊन गेला, उजवी बाजू अजून ढिली. मी रात्री पुन्हा फोन केला असता तर? आणि ती तोंडानं कधी जेवेल? फिजिओ रोज थोडाच वेळ उभं करतात, ते पुरेसं आहे का?

उत्तर : अगं, रात्री ती झोपली होती. पुन्हा फोन केला असतास तर तिनं उचलला नसता आणि ‘झोपली असेल’ म्हणून तू ठेवला असतास. तुझ्या साडेनऊच्या फोनमुळेच डॉक्टरांना कळलं की शेवटची धडधाकट कधी होती. झोपेतल्या पक्षाघातात आम्हाला सर्वात जास्त गरज त्याच माहितीची असते. पूर्वी सहा तासांनंतर सहसा गुठळी काढत नसत. २०१८ साली दोन चाचण्या आल्या, त्यांतल्या एकीत सहा ते चोवीस तासांतले, स्कॅनवर अजून वाचण्यासारखा भाग दिसणारे पेशंट घेतले होते. गुठळी काढलेल्यांपैकी शंभरात ४९ जण स्वावलंबी झाले, न काढलेल्यांत १३. आईला उपचार मिळाला तो या हिशोबावर. तिचा वाचण्यासारखा भाग होता म्हणूनच त्यांनी हात घातला.

नळीबद्दल मी जरा सविस्तर सांगते, त्याला कारण आहे. २००८ साली माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. मी तेव्हा एमडी करत होते. गुठळी काढायची सोय आपल्याकडे जवळपास नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जागे होते, ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांनी चहा मागत होते. मी बशीत ओतून दोन घोट पाजले. ते खोकलेसुद्धा नाहीत, म्हणून मला वाटलं गिळलं. रात्री ताप चढला. चहा फुप्फुसात गेला होता. नऊ दिवस ते आयसीयूत होते, आणि त्या नऊ दिवसांत व्यायामाचा वेळ तर गेलाच, अंगात होती नव्हती ती ताकदही गेली. डॉक्टर असून मी गिळण्याची तपासणी न करता त्यांना चहा पाजला. तेव्हापासून माझ्या वॉर्डात ती तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही कुणाला मिळत नाही. खोकला न येता अन्न चुकीच्या वाटेनं जातं, हे प्रत्येक नातेवाइकाला मी स्वतः सांगते.

म्हणून नळीची घाई करू नकोस. बहुतेकांची गिळण्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत येते. स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबर गिळणंही तेच बघतात) तपासतील, मग आधी घट्ट पदार्थ सुरू होतील, मऊ भात, खिमटीसारखं. पाणी आणि चहा सर्वात शेवटी, कारण पातळ गोष्ट सर्वात लवकर चुकीच्या वाटेनं जाते. मावशींना आणि भेटायला येणाऱ्या सगळ्यांना हे सांगून ठेव. प्रेमानं आणलेलं शहाळ्याचं पाणी फार घातक ठरतं. तोंड रोज दोन वेळा स्वच्छ करायला सांग, जंतू तिथूनच आत जातात. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत परिचारिकांनी पहिल्या तीन दिवसांत फक्त ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टी काटेकोर सांभाळल्या, आणि तीन महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन दोन्ही मिळून कमी झालं. यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं.

फिजिओ थोडा थोडा वेळ उभं करतात ते बरोबर आहे. पहिल्याच दिवसापासून खूप वेळ उभं केलं तर लवकर बरे होतील, असं पूर्वी आम्हालाही वाटायचं. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत उलट निघालं : पहिल्या चोवीस तासांत जास्त वेळ उठवलेले लोक कमी सुधारले. थोडा वेळ, पण अनेकदा, हे जास्त फळतं. आता बारा दिवस झाले, तर दिवसागणिक वेळ वाढवत न्यायला हवा. आणि व्हिडिओ कॉलवर तिच्याशी लहान वाक्यांत बोल, उत्तराला वेळ दे. शब्द येत नसतील तर तिच्याबरोबर वार म्हण, बेचे पाढे म्हण. पाठ झालेल्या गोष्टी कधी कधी आधी बाहेर पडतात.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, वय ५४, किराणा दुकान आहे. पक्षाघात होऊन पाच महिने झाले. गुठळी काढली. उजव्या हातानं लिहिता येत नाही म्हणून हे पत्र डाव्या हातानं, तीन दिवसांत लिहिलं. हिशोब कळतो, पण गिऱ्हाईकाचं नाव ओठावर येत नाही. दुपारी फार थकतो. मेंदूच्या ताकदीच्या गोळ्या आणि व्यायाम दोन्ही परवडत नाही, म्हणून व्यायाम बंद केला. दुकान परत उघडता येईल का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या पानावर ओळी खाली उतरत गेल्या आहेत, तिसऱ्या पानावर त्या बऱ्याच सरळ आहेत. एकही शब्द सुटलेला नाही.

आधी पैशाचं. रक्त पातळ ठेवायची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि असेल तर शुगरची गोळी, यातली एकही सोडू नका. ‘मेंदूच्या ताकदीची’ म्हणून जी देतात, तिच्यात बहुधा सिटिकोलिन असतं. सुमारे २,३०० पेशंटांवर तिची मोठी चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून सरळ विचारा, ‘यातली कुठली बंद केली तर चालेल?’ वाचलेल्या पैशात फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून एकदा तरी दाखवा. त्यांनी व्यायाम शिकवायचा, बाकी सहा दिवस तुम्ही घरी करायचा.

थकवा हा आळस नव्हे, तो या आजाराचाच भाग आहे आणि महिनोन् महिने राहू शकतो. दुपारी तासभर झोपा. रक्त कमी आहे का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, मन उदास आहे का, हे तपासून घ्या, कारण या तिन्हींवर उपचार आहेत. मशेरी किंवा तंबाखू असेल तर तिथे मी एक चिमूटही मान्य करणार नाही.

दुकान उघडा. सकाळी दहा ते बारा, सोबत घरातलं कुणीतरी, आणि एक महिना एवढंच. वजनं डाव्या हातानं ठेवा, पण पुडी बांधताना उजवा हात कागदावर दाबायला घ्या. सुट्टे पैसे उजव्या हातानं उचलून द्यायचा प्रयत्न करा, गिऱ्हाईक थांबेल. नावं आठवत नाहीत तर उधारीची वही उघडी ठेवा आणि माणूस आला की नाव वाचून मोठ्यानं म्हणा. भाषेची सुधारणा हातापेक्षाही जास्त काळ चालते. पाच महिन्यांत नाही आलं म्हणून येणारच नाही असं नाही.

उजव्या हातानं रोज त्याच वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा, कशीही येऊ दे. पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिल्या पानापासून दाखवा.